सावली पायात येते तो दिवस: तुमच्याकडच्या आठवणी सांगा

गच्चीवरची_माई (पुणे)
आज १३ मे. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होते, साडेबाराच्या सुमारास पाण्याचा स्टीलचा पेला बाजूला ठेवला तर त्याला सावलीच नाही! डावीकडे नाही उजवीकडे नाही. मग लक्षात आलं, आज पुण्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. आणि एकदम आजोबा आठवले. साताऱ्याच्या घरी अंगणात एक काठी रोवलेली असायची आणि मे लागला की आजोबा रोज भर दुपारी तिच्या सावलीचं टोक खडूने फरशीवर मांडायचे. खूण रोज काठीच्या जवळ यायची, मग एक दिवस सावली गायब. आम्हा नातवंडांना हाक मारून म्हणायचे, या रे, आज सावली पायात आली. आम्ही त्या काठीभोवती अनवाणी नाचायचो, पाय पोळायचे तरी. त्यांना शाळा चौथीपर्यंतचीच, पण ते टोक एक दिवस चुकलं नाही. सांगा तुमच्याकडचं काही, उन्हाळ्याच्या दुपारचं काहीही चालेल.

रंकाळ्याकाठी
आमचा कोल्हापूरचा ६-७ मेलाच होऊन गेला की. दक्षिणेला आधी येतो, मग रोज थोडा थोडा वर सरकत जातो. पेला उलटा ठेवून बघायचा, तळ वर, मग एकदम झकास दिसतंय.

सुशेगाद_७२
गोव्यात तर मे सुरू झाल्या झाल्या, २ तारखेच्या आसपास. दरवर्षी विसरते मी. फणस आले का कुणाकडे?

आडावरची_लेक
काठीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या आजोळी आड होता, खूप खोल, एरवी आत बघितलं तर काळोख. आजी म्हणायची मे महिन्यात एक दिवस ऊन तळाला जाऊन पाणी पिऊन येतं. खरंच एका दुपारी आत वाकले तर सगळा आड उजळलेला, तळाचं पाणी लखलख, कडेच्या दगडांत पारव्याची घरटी पण दिसली. आता तो आड बुजवलाय. आजी पण नाही.

भूगोलाच्या_बाई
@आडावरची_लेक अहो हेच तर! इजिप्तमधल्या सायीनी गावच्या विहिरीत, म्हणजे आजच्या अस्वानला, २१ जूनच्या सुमाराला ऊन असंच तळापर्यंत जायचं म्हणतात, आणि त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात सावली पडायची, साधारण सात अंशाची. तेवढ्यावरून एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर काढला, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी. मी दरवर्षी वर्गात हे सांगते पण मे महिन्यात शाळेला सुट्टी, मुलांना प्रत्यक्ष दाखवता येत नाही याची फार हळहळ वाटते. दुसरी वेळ येते जुलैच्या शेवटी, तेव्हा शाळा असते पण ढग!! नोकरीच्या एकवीस वर्षांत दोनदा मिळाली. त्या दोन्ही वेळा अख्खी शाळा मैदानात आणली होती.

गिरगावकर_काका
मुंबईत १५-१६ मे, वेळ साधारण १२:३५. बाराला का नाही तर आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश रेखांशावर आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, आत्ताच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही, ती चालली थेट १९५५ पर्यंत. माझे वडील सांगायचे की कुणी वेळ सांगितली की आधी विचारायचं, बॉम्बे टाइम की स्टँडर्ड? त्या जुन्या घड्याळात सूर्य डोक्यावर आला की बाराच वाजत आलेले असायचे. मला ते जास्त बरोबर वाटतं.

संत्रानगरी
आमच्या नागपूरला २६ मे, तोही बारा-दहालाच. बरोब्बर नवतप्यात, त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत जी! सावली बघायला बाहेर पडणार कोण बापा, खिशात कांदा ठेवून जावं लागते. पण यावेळी पाहीनच, पक्कं.

चीकखाऊ
पापड्या म्हटल्यावर मला कुरडया आठवल्या. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं, पहाटे चीक शिजायला लागला की आम्ही वाट्या घेऊन चुलीपाशी हजर. गरम चीक, दूध, साखर. कुरडया राखायला मला बसवायचे आणि मी झाडाच्या सावलीबरोबर खाट सरकवत सरकवत संध्याकाळपर्यंत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचो

गच्चीवरची_माई
@चीकखाऊ चिकात दूध साखर? आमच्याकडे तेल आणि मीठ!

चीकखाऊ
तेल पण चालतं. चिकाला नाही म्हणू नये

थेम्सकाठी
इथे लंडनमध्ये सावली कधीच पायात येत नाही. २१ जूनला भर दुपारीसुद्धा माझ्या निम्म्या उंचीपेक्षा लांब पडते. आईला फोन करून सांगितलं आज की गच्चीत जा आणि पेला ठेव. ती गेली, गुडघे दुखतात तरी दोन जिने चढली. व्हिडिओ कॉलवर दाखवलंन. मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.

आडावरची_लेक
@थेम्सकाठी 🤗

सुशेगाद_७२
फणसाचं कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे कापा आलाय, बरका अजून नाही.

गोदाकाठची
नाशिकचा २० तारखेला ना? लेकाने आत्ताच कॅलेंडरवर गोल केलाय. अंगण नाही आमच्याकडे, पार्किंगमध्ये करू. @गच्चीवरची_माई काठी केवढी होती आजोबांची?

गच्चीवरची_माई
@गोदाकाठची माझ्या कमरेएवढी, पण तेव्हा मी सात वर्षांची. ओळंबा लावून अगदी सरळ रोवायची, तिरकी असली तर सावली जात नाही. खडू त्याच्या हातात दे हं.