१९६६ चा अली आणि १९८८ चा टायसन समोरासमोर आले असते तर?

निळा कोपरा

हेवीवेट मुष्टियुद्धाचा विषय निघाला की मुहम्मद अली आणि माइक टायसन यांची लढत कोणी ना कोणी लावतोच, आणि थोड्याच वेळात गाडी "कोणाचा काळ मोठा" या वादावर घसरते. ते टाळण्यासाठी प्रश्न नेमका करून विचारत आहे. माझ्या प्रश्नातील अली हा १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा २४ वर्षांचा अली आहे. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर १९७० मध्ये परतलेला, पायांतील चपळाई बरीचशी हरवून बसलेला अली नव्हे. टायसन म्हणजे २७ जून १९८८ रोजी अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा टायसन, ज्याच्या कोपऱ्यात अजून त्याचा प्रशिक्षक केव्हिन रूनी उभा होता. अलीची उंची ६ फूट ३ इंच, टायसनची ५ फूट १० इंच; हातांचा पल्ला अनुक्रमे ७८ आणि ७१ इंच; वजन मात्र टायसनचेच काहीसे जास्त, म्हणजे सुमारे २१८ पौंडांविरुद्ध २१२ पौंड.

माझा कल टायसनकडे आहे. अली हात कमरेपाशी ठेवून लढत असे आणि ठोसा आला की मान सरळ मागे घेत असे. ही सवय डाव्या हुकला (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाला) आमंत्रण देणारी होती, आणि त्याची किंमत त्याने मोजलीही. १९६२ मध्ये सॉनी बँक्सने, १९६३ मध्ये वेम्ब्लीत हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये जो फ्रेझरने त्याला खाली पाडले, ते तिन्ही वेळा डाव्या हुकनेच. (१९७५ मधील चक वेपनरची गोष्ट मी धरत नाही, तिथे वेपनरने पायावर पाय दिल्याने आपण पडलो असे अलीचे म्हणणे होते.) कूपर जेमतेम १८५ पौंडांचा होता. तोच हुक २१८ पौंडांच्या आणि कूपरपेक्षा कितीतरी वेगवान टायसनकडून आला असता तर अली पुढच्या फेरीसाठी उठला असता का?

डावखुरा

प्रश्नात वर्ष आणि लढत दोन्ही बांधून दिलीत, हे फार बरे केलेत. मात्र तुमच्याच उदाहरणांकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. बँक्सने पाडले तेव्हा अली २० वर्षांचा होता आणि त्याने तीन फेऱ्यांनंतर चौथ्या फेरीत बँक्सला संपवले. कूपरचा हुक बसला तो चौथी फेरी संपता संपता, आणि पाचव्या फेरीत जखमांमुळे कूपरचीच लढत थांबवावी लागली. फ्रेझरचा हुक पंधराव्या फेरीतला, म्हणजे थकून गेलेल्या अलीवरचा होता, आणि तरीही अली काही क्षणांत उभा राहिला. हुक बसत असे हे खरे. पण पडल्यावर उठण्याचा त्याचा पुरावाही याच तीन लढतींत आहे.

त्याहून महत्त्वाचा पुरावा मला फ्लॉइड पॅटरसनच्या लढतीत दिसतो. टायसनला ज्या कस डमाटो यांनी घडवले, त्यांनीच त्याच्या कितीतरी आधी पॅटरसनला घडवले होते. दोन्ही ग्लोव्ह्ज गालांना चिकटवून, कमरेत वाकत, डोके सतत डावी-उजवीकडे हलवत प्रतिस्पर्ध्याच्या हातांच्या आत शिरायचे आणि तिथून उसळून हुक मारायचा, अशी ती पद्धत. १९५६ मध्ये २१ व्या वर्षी सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झालेल्या पॅटरसनचा विक्रम ३० वर्षांनी टायसननेच मोडला. म्हणजे अलीने या पद्धतीशी प्रत्यक्ष लढून पाहिले आहे. २२ नोव्हेंबर १९६५ रोजी लास व्हेगासमध्ये पॅटरसन आत शिरण्यासाठी वाकला की अली जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून बाजूला सरकत असे, आणि पॅटरसन ज्या जागी उसळी घेई ती जागा तोवर रिकामी झालेली असे. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पॅटरसनची पाठ त्या दिवशी दुखावलेली होती आणि तो टायसनपेक्षा वीसेक पौंडांनी हलका होता, हे दोन्ही मी मान्य करतो. म्हणून ही लढत म्हणजे निकाल नव्हे. पण टायसनच्या शाळेचे उत्तर अलीजवळ होते, इतके तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसऱ्या टोकाचा पुरावा ११ फेब्रुवारी १९९० चा, टोकियोचा आहे. बस्टर डग्लस जवळपास अलीएवढाच उंच, पल्ला त्याच्याहूनही लांब. त्याने काही अद्भुत केले नाही: लांब जॅब, त्यामागून सरळ उजवा, आणि टायसन आत आला की मिठी. आठव्या फेरीत टायसनच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) तो पडला, उठला, आणि दहाव्यात त्याने टायसनला संपवले. तोवर रूनी कोपऱ्यात नव्हता आणि टायसनचे डोके पूर्वीसारखे हलत नव्हते, हे खरे आहे. पण डग्लसने जे एका रात्री साधले ते अलीला रोजच्या सरावासारखे जमत असे. माझ्या मते पहिल्या तीन-चार फेऱ्या अलीसाठी अतिशय धोक्याच्या, सहाव्या फेरीनंतर लढत त्याच्या ताब्यात.

निळा कोपरा

पॅटरसनचा मुद्दा चांगला आहे, पण मग टायरेल बिग्जचे काय? १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील सुपर हेवीवेट सुवर्णपदक विजेता, ६ फूट ५ इंच उंच, पायांवर हलका आणि जॅब उत्तम. ऑक्टोबर १९८७ मध्ये तो टायसनसमोर नेमके हेच करायला गेला आणि सातव्या फेरीत संपला. पळणाऱ्याच्या वाटेत तिरके पाऊल टाकून त्याला दोरांपाशी कोंडणे, ही टायसनची कला लोक त्याच्या ठोशांच्या नादात विसरतात. नुसता उंच आणि चपळ माणूस टायसनला पुरत नव्हता.

डावखुरा

बिग्जचा आक्षेप मान्य. पण बिग्ज पहिल्या फेरीनंतर हळूहळू जागेवर थांबू लागला आणि शरीरावरचे ठोसे खात गेला. मे १९८६ मध्ये जेम्स टिलिसने टायसनसमोर दहा फेऱ्या पूर्ण केल्या, त्या प्रामुख्याने पाय हलते ठेवून आणि कोनातून मारून. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर यांनी बारा फेऱ्या पूर्ण केल्या, त्या मिठ्या मारून. अलीला या दोन्ही गोष्टी येत होत्या. डाव्या हाताने प्रतिस्पर्ध्याची मान खाली दाबून त्याच्या अंगावर रेलण्याची त्याची युक्ती १९७४ च्या दुसऱ्या फ्रेझर लढतीत पाहून घ्यावी. ती नियमांत बसत नाही, पण त्या रात्रीच्या पंचांनी ती चालू दिली. अली-टायसन लढतीचा निकाल पंच कोण आहे यावर बराच अवलंबून राहिला असता, असे मला वाटते.

पंधरावी फेरी

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात, आणि ती म्हणजे लढत किती फेऱ्यांची. अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियन मुष्टियोद्धा किम डक-कू काही दिवसांत मरण पावला आणि त्यानंतर डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेने १२ फेऱ्यांचा नियम केला. बाकीच्या संघटना मागाहून त्या वाटेने आल्या. टायसनची जगज्जेतेपदाची कारकीर्द सगळी १२ फेऱ्यांच्या जगातील आहे.

तीन फेऱ्यांनी काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी जुने निकाल काढून पाहावेत. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानो तिन्ही गुणपत्रकांवर जर्सी जो वॉलकॉटच्या मागे होता आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने जगज्जेता झाला. १२ फेऱ्यांचा नियम असता तर त्या रात्री वॉलकॉट जिंकला असता आणि ४९ पैकी ४९ हा मार्सियानोचा आकडा अस्तित्वातच आला नसता. १८ जून १९४१ रोजी बिली कॉन हा लाइट हेवीवेटमधून वर आलेला मुष्टियोद्धा १२ फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रकांवर जो लुईच्या पुढे होता, तिसऱ्यावर बरोबरी होती. तेराव्यात लुईने त्याला संपवले. १९८१ मध्ये शुगर रे लेनर्ड तिन्ही पत्रकांवर मागे असताना चौदाव्या फेरीत टॉमी हर्न्सला थांबवून जिंकला. मातीतली निकाली कुस्ती आणि गादीवरची गुणांची कुस्ती यांत जसा पैलवानाचा सगळा हिशेब बदलतो, तसा हा फरक आहे. टायसनने सहाव्या फेरीनंतर प्रतिस्पर्ध्याला संपवल्याची उदाहरणे मोजकीच आहेत: १९८६ चा रिबाल्टा, १९८७ चा बिग्ज, १९९१ चा रुडॉक. १५ फेऱ्यांच्या लढतीत अलीला घाई करण्याचे काही कारणच उरत नाही.

हिशेबनीस

कोणी संगणकाचा आधार घेण्यापूर्वी जुनी हकीकत सांगून ठेवतो. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वॉरोनर यांनी एनसीआर ३१५ संगणकात जुन्या-नव्या जगज्जेत्यांची माहिती भरून रेडिओवर हेवीवेटची काल्पनिक स्पर्धा घडवली. त्या स्पर्धेत अली जिम जेफ्रीजकडून हरला, अंतिम लढत मार्सियानोने जॅक डेम्प्सीविरुद्ध जिंकली, आणि चिडलेल्या अलीने वॉरोनर यांच्यावर बदनामीचा दावा लावला. त्या वादाच्या तडजोडीतून अली आणि मार्सियानो यांनी १९६९ मध्ये कॅमेऱ्यासमोर खोट्या फेऱ्या खेळल्या. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले आणि डोक्यावर टोप चढवला. शेवट अनेक प्रकारचे चित्रित केले होते, त्यामुळे कोण जिंकणार हे दोघांनाही ठाऊक नव्हते. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. तो स्वतः मात्र ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात गेला होता. संगणकाला जेफ्रीज जिंकेल असे वाटले, कारण जेफ्रीजविषयी भरलेली माहिती माणसांनीच भरलेली होती.

"अ ने ब ला हरवले, ब ने क ला, म्हणून अ मोठा" ही साखळीही या खेळात टिकत नाही. सॉनी लिस्टनने पॅटरसनला दोनदा पहिल्याच फेरीत झोपवले. अलीला पॅटरसनसाठी बारा फेऱ्या लागल्या, पण लिस्टनला त्याने १९६४ मध्ये स्टुलावरून उठू दिले नाही. १९७१ मध्ये फ्रेझरने अलीला हरवले, १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने किंग्स्टनमध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, आणि १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत संपवले. अलीचा जबडा मोडणाऱ्या केन नॉर्टनलाही फोरमनने दोनच फेऱ्या दिल्या होत्या. कोणाची पद्धत कोणाला जड जाते, हे ताकदीच्या क्रमवारीतून कळत नाही. म्हणूनच डावखुरा यांनी पॅटरसन आणि डग्लस यांच्याकडे बोट दाखवले ते मला पटते. त्यांनी क्रमवारी न लावता समोरच्या शैलीचा पुरावा काढला आहे.

हलके वजन

थोडे विषयाच्या कडेने जातो. काळाकाळातील तुलना करायचीच असेल तर हेवीवेट हा सर्वांत वाईट गट आहे, कारण त्याला वजनाची वरची मर्यादा नाही. १८५ पौंडांच्या आसपासचा मार्सियानो २४५ पौंडांच्या लेनॉक्स लुईससमोर उभा करणे म्हणजे दोन वेगळे गट लढवणे होय. त्यापेक्षा शुगर रे रॉबिन्सन आणि शुगर रे लेनर्ड यांना १४७ पौंडांवर, म्हणजे वेल्टरवेट गटात, भिडवून पाहा. तिथेही एक अडचण आहेच: रॉबिन्सनच्या काळी वजन लढतीच्या दिवशीच होत असे, नंतर ते आदल्या दिवशी होऊ लागले, त्यामुळे आजचा १४७ पौंडांचा मुष्टियोद्धा रिंगमध्ये कितीतरी जड होऊन उतरतो. आणि वेल्टरवेटमधील ऐन भरातील रॉबिन्सनचे चित्रण फारच थोडे उरले आहे. आपण पाहतो तो बहुतेक मिडलवेटमधील, तिशीतला रॉबिन्सन. जीन टनीला त्याच्या कारकिर्दीतील एकमेव पराभव देणाऱ्या हॅरी ग्रेबच्या तर एकाही लढतीचे चित्रण उपलब्ध नाही. अली आणि टायसन यांच्या बाबतीत निदान पुरावा पडद्यावर आहे, ही सोय लहान समजू नये.

निळा कोपरा

फेऱ्यांचा मुद्दा मी विचारात घेतलाच नव्हता, आणि तो धरल्यावर माझे मत थोडे सरकले आहे, पण पूर्ण उलटलेले नाही. लढत १९८८ च्या नियमांनी, १२ फेऱ्यांची आणि मिठी मारताच अलग करणाऱ्या कडक पंचांसमोर झाली, तर मी अजूनही टायसनवरच पैसे लावीन, आणि तेही पहिल्या चार फेऱ्यांत. लढत १९६६ च्या नियमांनी झाली तर मात्र लावणार नाही.

डावखुरा

१९६६ च्या नियमांनी माझा अंदाज असा: दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत अली एकदा डाव्या हुकवर पडेल, उठून उरलेली फेरी मिठीत काढेल, आणि अकराव्या-बाराव्या फेरीत डोळे सुजलेल्या टायसनला पंच थांबवतील. १९८८ च्या नियमांनी अली गुणांवर जिंकेल, पण तिसरे गुणपत्रक टायसनच्या बाजूचे असले तर मला नवल वाटणार नाही.