डबा न उघडता ठेवलेले जोड: हौस म्हणायची की गुंतवणूक?

फीत_सुटली

संग्रहात स्नीकर बुटांचे १२ जोड आहेत. पाच घालायचे, सात डबाबंद: नाइकीचे तीन एअर जॉर्डन ४, दोन एअर जॉर्डन १ आणि एक काळा-पांढरा डंक लो ‘पांडा’, शिवाय आदिदासचा एक यीझी ३५० व्ही२. सातही ड्रॉमध्ये (नव्या बुटांसाठीची सोडत) लागलेले, म्हणजे रिटेल किमतीलाच (कंपनीच्या मूळ भावाला) मिळालेले. रीसेल (पुनर्विक्रीच्या) ॲपवर भाव बघितले की बेरीज झकास दिसते. पण तिला खरंच गुंतवणूक म्हणायचं, की ही हौसच, फक्त पायात न घालता केलेली? आणखी पाच-सात वर्षं ठेवले तर काय होईल? ठेवायचे तर कसे? नुसती मतं नकोत, हिशेब आणि मालमसाल्याबद्दल सांगा.

कच्चा_हिशेब

ॲपवर सगळ्यात ठळक दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला भाव. तो सोडून द्या. दोनच आकडे बघायचे: तुमच्या साइझमध्ये झालेल्या शेवटच्या आठ-दहा विक्री, आणि आज कोणी लावलेली सर्वात मोठी बोली. आज विकायचं ठरवलं तर हातात पडणारा भाव हा बोलीचा. मधल्या साइझेसना गिऱ्हाईक पटकन मिळतं. अगदी लहान आणि अगदी मोठ्या साइझमध्ये बोली आणि मागितलेला भाव यांत बरंच अंतर राहतं.

आता हिशेब. रिटेल १०० धरा, कर आणि पार्सल मिळून ८. म्हणजे जोड घरात आला १०८ ला. तो १४० ला विकला. प्लॅटफॉर्मचं कमिशन १० टक्के आणि पेमेंटचे ३ टक्के धरले तर १८.२ गेले, पाठवणीचे ६ गेले. हातात ११५.८. नफा ७.८. ‘४० टक्के वाढला’ म्हणून मिरवलेल्या जोडाने प्रत्यक्षात सात टक्के दिले, आणि ते तीन वर्षांत दिले असतील तर वर्षाला अडीच टक्केसुद्धा नाहीत.

याच दराने ना नफा ना तोटा हा बिंदू येतो १३१ वर. म्हणजे रिटेलच्या ३१ टक्के वर भाव जाईपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. तोच जोड रीसेलमध्ये खर्चासकट १५० ला घेतला असता तर हा बिंदू १७९ च्या पुढे गेला असता. ड्रॉमध्ये लागलेला जोड आणि रीसेलमध्ये घेतलेला जोड यांचा हिशेब एकाच वहीत मांडू नका. पहिल्यात नशिबाने सूट दिलेली असते, दुसऱ्यात ती सूट आधीच दुसऱ्याने खिशात घातलेली असते.

शिवाय ड्रॉ तुम्हाला एकच जोड देतो, दहा नाही. त्यामुळे ही कमाई वाढवावी म्हटलं तरी वाढत नाही.

सोलवाला

भावाच्या आधी मिडसोल (तळव्यातला मधला थर) कशाचा आहे ते बघा. इथेच निम्मं उत्तर आहे, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

जॉर्डन ४ चा मिडसोल पॉलियुरेथेन या फोमचा. हवेतली आर्द्रता या फोममध्ये शिरते आणि त्याच्या रेणूंमधले बंध तोडत राहते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. त्यात तयार होणारं आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं, म्हणून शेवटची वर्षं फार भराभर जातात. वरून बूट कोरा, पांढराशुभ्र. पायात घालून चार पावलं टाकली की टाच भुगा होऊन जमिनीवर. १९८९ चे मूळ जॉर्डन ४ आज घालण्यासारखे राहिलेले नाहीत ते यामुळेच. साधारण दहा वर्षांच्या आसपास धोका सुरू होतो, दमट हवेत त्याआधीही. वर्षं मोजायची ती उत्पादनाच्या तारखेपासून. ती आतल्या साइझ टॅगवर छापलेली असते. तुम्ही कधी घेतला याच्याशी फोमला देणंघेणं नाही.

गंमत म्हणजे न घातल्याने यातून सुटका होत नाही. उलट अधूनमधून घातलेला जोड जास्त टिकतो असाच संग्राहकांचा अनुभव आहे, कारण दाबला गेल्यावर फोममधला ओलावा साचून राहत नाही.

जॉर्डन १ आणि डंक यांना बाहेरून रबराचा कपसोल (वाटीसारखा तळ) असतो, शिवाय तो शिवलेला. त्यांचा असा भुगा होत नाही. यीझी ३५० चा बूस्ट नावाचा मिडसोल हा फुगवलेल्या टीपीयूचा (एक प्रकारचं लवचिक प्लास्टिक), तो पिवळा पडतो पण सहसा कुजत नाही. म्हणजे तुमच्या सातांपैकी घड्याळ लागलेले जोड तीन, ते जॉर्डन ४.

ठेवण्याबद्दल. आर्द्रता ४० ते ५० टक्के, जागा थंड आणि अंधारी. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका, अंदाजाने कारभार करू नका. सिलिका जेलच्या पुड्या मूठभर ओतणं ही नेहमीची चूक: आर्द्रता फार उतरली की चामडं कोरडं पडून चिरतं आणि गोंद सुटतो. एका डब्यात दोन छोट्या पुड्या पुरतात, त्याही मापक बघून बदलायच्या. बूट प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळायचा तर आधी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा, नाहीतर आतला ओलावा आतच कोंडला जातो. डब्यात येणारा रंगीत छपाईचा टिश्यू कागद चामड्याला लागू देऊ नका, रंग उतरतो. मध्ये आम्लरहित कोरा कागद घाला. मूळ टिश्यू मात्र टाकू नका, विकताना लागतो. आणि ते पारदर्शक, पुढून उघडणारे डबे खिडकीसमोर रचून फोटो काढायला छान, पण उजेडाने पारदर्शक सोल पिवळे पडतात.

रेट्रो_पुन्हा

वरचं सगळं पटलं, फक्त एक राहिलं. ‘लिमिटेड’ हा शब्द कंपनीचा आहे, आणि साचेही तिच्याकडेच आहेत.

‘शिकागो’ रंगातला जॉर्डन १ आला १९८५ मध्ये. मग १९९४, २०१५, आणि २०२२ मध्ये जुनाट दिसेल असा मुद्दाम बनवलेला ‘लॉस्ट अँड फाउंड’. कुठलाही जोड डबाबंद ठेवताना तुम्ही पैज लावत असता की हा रंग लवकर परत येणार नाही. ‘पांडा’च्या बाबतीत ती पैज लावणारे उघडउघड हरले. २०२१ मध्ये त्याच्यामागे रांग होती, नंतर नाइकीने तो इतक्यांदा पुन्हा आणला की रस्त्यावर दर दहा पावलांवर दिसायला लागला. तुमचा पांडा डब्यातून काढा आणि घाला. तेवढाच त्याचा परतावा.

यीझीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने यीझीवाल्या कान्ये वेस्टशी करार मोडला तेव्हा ‘आता उत्पादन बंद, भाव चढणार’ असं म्हणून बऱ्याच जणांनी जोड दाबून ठेवले. पण गोदामात प्रचंड माल पडून होता आणि २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने रिटेललाच विकला गेला. उलट बाजूला, नाइकीच्या ऑफ-व्हाइट या फॅशन ब्रँडसोबतच्या २०१७ च्या ‘द टेन’ जोडांचे भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या ब्रँडचा संस्थापक व्हर्जिल अब्लो वारल्यावर भडकले. दोन्ही घटना कुठल्याही हिशेबात बसणाऱ्या नव्हत्या.

आणि लिलावाचे आकडे कोणी तोंडावर फेकले तर ऐकून सोडून द्या. एप्रिल २०२३ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेत २२ लाख डॉलरला गेलेला जोड मायकल जॉर्डनने १९९८ च्या अंतिम मालिकेत घातलेला होता. ती ऐतिहासिक वस्तू झाली, फक्त तिचा आकार बुटाचा.

ज्यांना यात नियमित पैसा सुटतो ते बूट साठवत नाहीत. ते काही दिवसांत माल फिरवतात. साधारण चाल अशी: ड्रॉपच्या (नवा जोड बाजारात येण्याच्या) आधी आणि लगेच नंतर भाव चढलेला, जोड घरोघरी पोचले की पुरवठा वाढून भाव बसतो, मग उरलेले कमी होतील तसा हळूहळू वर, पण तोही रेट्रो (त्याच जोडाची नवी आवृत्ती) आला नाही तरच. पहिल्या टप्प्यात विकणं हा व्यापार, तिसऱ्या टप्प्याची वाट बघणं ही आशा. गुंतवणूक यांपैकी कशालाच म्हणता येत नाही, पण आशा हौसेच्या जास्त जवळची.

कच्चा_हिशेब

विकायला काढलेच तर दोन गोष्टी. एक, कागदपत्र जपा: डब्याच्या लेबलवरचा स्टाइल कोड आणि आतल्या टॅगवरचा कोड तंतोतंत जुळला पाहिजे (उदाहरणार्थ ५५५०८८-१३४, शेवटचे तीन अंक रंगाचे). झाकण, जादा फिती, पावती यातलं काही कमी असलं की खरेदीदार भाव पाडतो. दोन, कोड जुळला म्हणजे अस्सल असं नाही, बनावट मालवालेही लेबल छापतात. पडताळणीच्या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नका. २०२२ मध्ये नाइकीने स्टॉकएक्स या रीसेल ॲपविरुद्धच्या खटल्यात, तिथून पडताळणी होऊन आलेले काही जोड बनावट असल्याचा आरोप जोडला होता.

फीत_सुटली

सगळ्यांना धन्यवाद, पांडा पायात गेला. एकच शंका: एका जॉर्डन ४ च्या टाचेपाशी मिडसोलच्या रंगाला केसासारख्या बारीक भेगा दिसतायत. टॅगवर २०१५. हा गेला का?

सोलवाला

घालून बघू नका. आधी टाचेवर अंगठा पाच सेकंद दाबा. खळगा लगेच भरून आला तर भेगा रंगापुरत्या असू शकतात. खळगा तसाच राहिला, बोटाला चिकट लागलं किंवा भेगेत पिवळट चुरा दिसला तर फोम गेला.

गेला असेल तर ‘डेडस्टॉक’ (कोरा, न घातलेला) म्हणून विकू नका, सोल गेलाय असं लिहून फक्त अपरच्या (बुटाच्या वरच्या भागाच्या) भावाने द्या. किंवा सोल बदला. त्यासाठी त्याच मॉडेलचा, त्याच साइझचा नवा, स्वस्तातला जोड लागतो. टोकाजवळ शिलाई असेल तर आधी उसवा, ॲसिटोन आणि बेताच्या उष्णतेने गोंद मऊ करून सोल सोडवा. अपरच्या तळाला चिकटलेला जुना फोम शेवटच्या कणापर्यंत घासून काढा. नवा सोल सुटून येतो तो बहुतेक वेळा इथल्या आळसामुळे. मग प्रायमर, दोन्ही बाजूंना गोंद, बोटाला किंचित चिकटेल इतका वाळू द्या, गरम करून दाबा, २४ तास क्लॅम्पमध्ये. असा जोड विकताना सोल बदललाय हे लिहावंच लागतं आणि भाव घालायच्या बुटाचाच मिळतो.

बाकीच्या दोन जॉर्डन ४ च्या टॅगवरचं वर्ष तेवढं बघून इथे टाका.