बाळ अजून पायाळूच आहे: फिरवून घ्यावे की सिझरची तारीख घ्यावी?

प्रश्न: आखाजीची माहेरवाशीण

नमस्कार. हे माझे पहिलेच बाळंतपण असून आज ३५ आठवडे ४ दिवस झाले आहेत. सासर धुळ्याला आणि माहेर चोपडा तालुक्यातील एका खेड्यात आहे. आखाजीला माहेरी आले, ती रीतीप्रमाणे बाळंतपणासाठी येथेच राहिले. आधीच्या तपासण्या धुळ्याला झाल्या, आता तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात जाते.

३२व्या आठवड्यात बाळाचे डोके वर असल्याचे कळले, तेव्हा ‘अजून वेळ आहे, फिरेल’ असे सांगण्यात आले होते. परवाच्या सोनोग्राफीतही डोके वरच, माझ्या उजव्या बरगडीखाली आहे. कुल्ले खाली असून दोन्ही पाय गुडघ्यात न दुमडता सरळ तोंडापर्यंत गेलेले आहेत. अहवालात ‘एक्स्टेंडेड ब्रीच’ असे लिहिले आहे. वार वरच्या बाजूला व मागे आहे, पाणी पुरेसे आहे आणि वजन अंदाजे २ किलो ४०० ग्रॅम आहे. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे.

‘३८ आठवडे झाले की सिझर करू, तारीख ठरवून कळवा,’ एवढेच डॉक्टरांनी सांगितले. बाहेर रांग होती, आणि मलाही त्या क्षणी काही विचारायचे सुचले नाही. घरी मात्र प्रत्येकाचे वेगळे मत आहे. आईचे म्हणणे असे, की माझे मामा पायाळूच जन्मले, तेही घरी, सुईणीच्या हातून. मग एवढी धास्ती कशाला? (आजही गावात कोणाच्या पाठीत उसण भरली की मामांना पाय लावायला बोलावतात.) काकू शेजारच्या गावातील एका बाईंकडे चल म्हणून मागे लागली आहे, त्या पोटाला तेल लावून बाळ फिरवतात म्हणे. नणंदबाईंनी धुळ्याहून कळवले, की डॉक्टरसुद्धा बाहेरून हाताने बाळ फिरवतात, पण येथे तसा उल्लेखही झाला नाही. हे खरोखर केले जाते का, आणि माझ्यासारखीने ते मागावे का? तारीख घेण्यापूर्वी हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर: प्रसूतिकक्षातील निवृत्त परिचारिका, जळगाव

ताई, सर्वांत आधी काकूंना थांबवा. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण वार नेमकी कोठे आहे, नाळ बाळाच्या मानेभोवती आहे का, दाब देताना बाळाचे ठोके उतरत आहेत का, यांतले काहीही तेल लावणाऱ्या हाताला कळत नाही. दाबाने वार सुटली तर आत रक्तस्राव होतो, आणि त्या गावातून ऑपरेशन थिएटर किती दूर असेल याचा विचार तुम्हीच करा. शिवाय तुम्ही निगेटिव्ह रक्तगटाच्या आहात. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याचे थोडेसे रक्त जरी तुमच्या रक्तात मिसळले, तरी पुढच्या बाळंतपणासाठी त्रास निर्माण होऊ शकतो. म्हणून फिरवण्याचा प्रयत्न दवाखान्यात झाला, तर त्यानंतर अँटी-डीचे इंजेक्शन देतात. २८व्या आठवड्याचे इंजेक्शन घेतले आहे का, हे फाइलमध्ये पाहून ठेवा. ते घेतले असले तरी फिरवण्यानंतरचे चुकवायचे नाही.

नणंदबाईंनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. तिला एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन, थोडक्यात ‘ईसीव्ही’ म्हणतात. पहिलटकरणीत ती ३६व्या आठवड्यापासून आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीत ३७व्यापासून करतात. त्याआधी केली तर बाळ पुन्हा उलटे होण्याचा आणि मुदतीपूर्वी कळा लागण्याचा संभव वाढतो, तर फार उशीर झाल्यास बाळ मोठे होऊन आत फिरायला जागाच उरत नाही. म्हणजे तुमची वेळ पुढच्याच आठवड्यात येते आहे, आणि ३८व्या आठवड्याची तारीख घेऊन स्वस्थ बसलात तर ती हातची निघून जाईल.

आधी सोनोग्राफी करतात, पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, आणि गर्भाशय सैल पडावे म्हणून टर्ब्युटालीनसारखे इंजेक्शन देतात. मग डॉक्टर एका हाताने बाळाचे कुल्ले ओटीपोटातून वर उचलतात आणि दुसऱ्या हाताने डोके खाली वळवत बाळाला कोलांटी घ्यायला लावतात. हे काही मिनिटांचेच काम असते. दाब चांगलाच जाणवतो, काहींना दुखते. सहन होत नसेल तर थांबा म्हणावे, आणि थांबतात. मधूनमधून ठोके पाहतात आणि नंतर पुन्हा बराच वेळ आलेख ठेवतात. हे सारे ऑपरेशन थिएटर तयार असलेल्या ठिकाणीच करायचे, कारण साधारण २०० जणींमागे एकीला तातडीने सिझर करावे लागते. वार खाली असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, पाणी गेले असेल, जुळे असेल किंवा ठोक्यांचा आलेख ठीक नसेल, तर फिरवत नाहीत.

यश किती, तर पहिलटकरणीत १० पैकी सुमारे ४ जणींत. पाय सरळ वर असलेले बाळ फिरवणे थोडे अवघड जाते, कारण ते पाय खपाटीसारखे त्याला ताठ धरतात. पण वार मागे असणे आणि पाणी पुरेसे असणे तुमच्या बाजूचे आहे. ३६ आठवड्यांनंतर पहिलटकरणीचे बाळ आपण होऊन फिरण्याचे प्रमाण शंभरात सुमारे ८ असते, म्हणून नुसती वाट पाहण्यात फारसे हशील नाही. गुडघे टेकून, छाती खाली करून बसण्याचा व्यायाम पुष्कळजण सुचवतात. त्याने बाळ फिरते असे सिद्ध झालेले नाही. करायचाच असेल तर करा, पण त्याच्या भरवशावर आठवडा घालवू नका.

उत्तर: शहाद्याची एक आई

माझे मोठे बाळ असेच होते. ३७व्या आठवड्यात फिरवण्याचा प्रयत्न झाला, दोनदा झाला, आणि बाळ अर्ध्यात जाऊन पुन्हा जागेवर आले. मला त्या दिवशी फार रडू आले. सगळे घर ‘तू घाबरून अंग ताठ केलेस’ असे म्हणत राहिले, ज्यात तथ्य नव्हते. ३९ आठवडे होताच सिझर झाले आणि मुलगी सुखरूप आली. प्रयत्न फसला तरी आधी केला याचे मला समाधान आहे, कारण त्यानंतर सिझरची भीती अशी उरली नाही.

पहिले सिझर झाले की पुढचेही सिझरच, हे मात्र मनात धरू नका. माझे दुसरे बाळ डोक्याने खाली होते आणि नॉर्मल झाले, अर्थात सगळी सोय असलेल्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जाता जाता सांगते, सिझरने आलेल्या बाळाला पायाळू धरायचे की नाही, यावर आमच्या गल्लीत बराच खल झाला. शेवटी उसण भरलेल्या एका आजोबांनी निकाल दिला, की पाय लावून पाहायला काय हरकत आहे. तेव्हा मुलगी जेमतेम सव्वा महिन्याची होती.

प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. अँटी-डीची नोंद फाइलमध्ये सापडली. आई अजूनही म्हणते, की बाळ फिरले नाही तरी नॉर्मल होऊ द्यावे. मामांचे उदाहरण डोळ्यांसमोर असल्यामुळे तिला काय सांगावे हे मला कळत नाही.

उत्तर: स्त्रीरोगतज्ज्ञ, धुळे जिल्हा

तुमच्या आईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही, एवढे आधी मान्य करतो. पूर्वी पायाळू बाळे घरीच होत आणि त्यांतील बहुतेक जगत. जी जगली नाहीत, ती उदाहरण म्हणून समोर येत नाहीत. अडचण अशी, की सरळ बाळात सर्वांत मोठा भाग, म्हणजे डोके, आधी येते आणि वाट करून देते. पायाळू बाळात तेच शेवटी येते. अंग बाहेर आलेले आणि डोके अडकलेले, अशा वेळी हाती फार थोडी मिनिटे असतात, आणि ती बाळंतपणे हातून झालेला माणूस तेथे हजर असावा लागतो.

२००० साली २६ देशांतील सुमारे २,००० स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठरवून सिझर केलेल्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा १.६ टक्के, तर नॉर्मलचा प्रयत्न केलेल्या गटात ५ टक्के आढळली. जगभर पायाळू बाळांसाठी सिझरची प्रथा त्यानंतर घट्ट झाली. मात्र त्याच मुलांना दोन वर्षांनी तपासले, तेव्हा मृत्यू किंवा वाढीतील दोष यांबाबत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या २०१७च्या मार्गदर्शिकेत धरलेला हिशेब असा, की ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर केल्यास १,००० मागे ०.५ बाळे दगावतात, पायाळू बाळाच्या नॉर्मलचा प्रयत्न केल्यास २, आणि डोके खाली असलेल्या बाळाच्या नॉर्मलमध्ये १. धोका आहे, पण आभाळ कोसळण्याइतका नाही. आणि हे आकडे चांगली सोय असलेल्या ठिकाणचे आहेत. त्या सोयीशिवायच्या ठिकाणाला ते लावता येत नाहीत.

यातला खरा तोटा असा झाला, की सिझर सोपे पडते म्हणून आमच्या दोन पिढ्यांच्या हातून हे कौशल्यच गेले. म्हणून आईंना असे सांगा, की प्रश्न तुमच्या हिमतीचा नाही, त्या खोलीत कोण उभे असेल याचा आहे. पहिलटकरीण, लहान दवाखाना, रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात, अशा स्थितीत मी स्वतःच्या बहिणीलाही नॉर्मलचा प्रयत्न सुचवणार नाही.

क्रम माझ्या मते असा असावा. ३६ आठवडे होताच ईसीव्हीविषयी थेट विचारावे. तुमचे डॉक्टर करत नसतील तर त्यात त्यांचा कमीपणा नाही, ते कोठे पाठवू शकतील एवढे विचारावे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूती विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जाऊन चौकशी करता येईल. बाळ फिरले तर पुन्हा उलटण्याचा संभव ५ टक्क्यांहून कमी असतो. फिरले नाही तर सिझर, पण दुसरी अडचण नसेल तर ३८ऐवजी ३९ आठवड्यांनंतर, कारण आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक होतो. तुमच्या डॉक्टरांनी ३८ सांगण्यामागे अंतराचा विचार असू शकेल, तेव्हा कारण विचारल्याशिवाय त्यांना दोष देऊ नका.

उत्तर: धडगावकडचा एक बाप

आमच्या घाटातून गाडी खाली उतरेपर्यंत काय होते ते पाहिलेले असल्यामुळे एकच गोष्ट सांगतो. तारीख कोणतीही असो, पाणी आधीच गेले किंवा कळा सुरू झाल्या, तर ‘थोडे थांबून पाहू’ म्हणू नका. पायाळू बाळात नाळ पुढे निसटण्याचा धोका जास्त असतो. तुमच्या बाळासारखे कुल्ले घट्ट खाली असतील तर तो कमी, आणि पाय खाली असतील तर पुष्कळच अधिक, असे आम्हाला सांगितले होते. नाळ हाताला लागली किंवा दिसली तर ती आत ढकलू नये. गुडघे टेकून, डोके खाली व कंबर वर ठेवून तसेच गाडीत घ्यावे. १०८ क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा. शासकीय रुग्णालयात २०११पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि गाडी मोफत असते; खर्चाच्या भीतीने अंतर वाढवू नका.

आणि बाळ कसेही जन्मले, तरी सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. शेवटपर्यंत पायाळू राहिलेल्या बाळांत खुबा सैल असण्याचे प्रमाण जास्त असते, आणि लवकर कळले तर पट्ट्याने सुधारतो. आमच्या मुलाचे कोणी सांगितलेच नाही. चालू लागल्यावर कळले.

प्रश्नकर्ती

आज डॉक्टरांना पुन्हा भेटले आणि कागदावर लिहून नेलेले सगळे विचारले. ते स्वतः बाळ फिरवत नाहीत, पण त्यांनी जळगावला शासकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी दिली आहे. ३८ आठवड्यांचे कारण तुम्ही म्हणालात तेच निघाले: आमच्या गावाहून दवाखान्यापर्यंतचा रस्ता. तेव्हा बाळ फिरले नाही तर ३८वा आठवडा लागताच तालुक्याच्या गावी मावशीकडे राहायला जायचे आणि ३९ आठवडे झाल्यावर सिझर करायचे, असे ठरले. सोमवारी ३६ आठवडे १ दिवस होईल. त्या दिवशी सकाळी फाइल, दोन्ही सोनोग्राफींचे अहवाल आणि अँटी-डीची नोंद घेऊन जळगावला निघत आहोत. आई सोबत येते आहे. काकूही येणार म्हणते आहे. तेलाची बाटली घरी ठेवायची या अटीवर.