भाषणापेक्षा शेवटची पेनल्टी

'चक दे इंडिया' या महिला हॉकीवरच्या सिनेमातलं, मॅचच्या सत्तर मिनिटांवरचं कोचचं भाषण हाच मानसिक तयारीचा खरा धडा, असं म्हटलं जातं. भाषण भारीच आहे, पण मला तो धडा फायनलच्या शेवटच्या पेनल्टीत दिसतो. कोच कबीर खान गोलकीपर विद्याला बाहेरून खुणेने एकच गोष्ट सांगतो, बॉल सरळ येणार, मग तिच्या डोक्यात वर्ल्डकपचं ओझं वगैरे काही उरतच नाही, फक्त जागा सोडायची नाही एवढंच. या सिनेमातल्या अभिनेत्रींना हॉकी शिकवणारे मीर रंजन नेगी स्वतः १९८२च्या एशियाड फायनलमध्ये पाकिस्तानकडून ७-१ हरलेल्या भारतीय टीमचे गोलकीपर होते, म्हणजे हे ओझं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं, हेही लक्षात घ्या.

मी शाळेच्या खो-खोच्या मुलींना शिकवते, मॅचआधी जोशपूर्ण भाषण झालं की पहिल्याच डावात घाईघाईने फाउल होतात, त्यापेक्षा 'रनरच्या खांद्याकडे नको, कंबरेकडे बघ' एवढं एकच सांगितलं की हुलकावणीला फसत नाहीत.