बाबा आणि 'वॉकर, टेक्सास रेंजर': काय दिसतं त्यांना त्यात?

सई_प्लेनो:
नमस्कार मंडळी. आई-बाबा मार्चपासून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासला आलेत. बाबा सातारा जिल्ह्यात पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. इंग्रजी वाचतात, पण इथल्या लोकांचं बोलणं त्यांच्या कानाला लागत नाही. आणि हा माणूस दुपारी जेवण झालं की रिमोट घेऊन 'वॉकर, टेक्सास रेंजर' या अमेरिकी मालिकेचे (रेंजर म्हणजे इथले राज्य पोलीस) जुने भाग बघतो, सलग तीन-तीन. आईने हाक मारली तर नुसता हात वर करतात.

मी शेजारी बसून चार भाग बघितले. काऊबॉय टोपी, छातीवर चांदणीचा बिल्ला, गुंड कोण ते पाच मिनिटांत कळतं आणि शेवटी मारामारी. आमच्या घराने पोलिसाची नोकरी जवळून बघितलीय. बंदोबस्त, पंचनामे, विसर्जनाच्या रात्री सुजलेले पाय, गरम पाण्याची बादली. तेच बाबा हे एवढं जीव लावून कसं बघतात? विचारलं तर म्हणतात, 'चांगलं असतं गं.' कोणी त्या काळी बघायचं का? मला खरंच समजून घ्यायचंय.

ट्रिनिटीकाठ:
मी बघायचो, एकही शनिवार न चुकवता. 1996 साली फोर्ट वर्थला आलो. आम्ही चौघं एका खोलीत, खाली अंथरलेल्या गाद्या, एकच टीव्ही. सीबीएस वाहिनीवर ही मालिका एप्रिल 1993 ते मे 2001 चालली आणि चित्रीकरण इथेच, डॅलस-फोर्ट वर्थ भागात व्हायचं. ओळखीचा रस्ता पडद्यावर दिसला की परकं गाव जरा आपलं वाटायचं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वॉकर झालेल्या चक नॉरिसच्या पायात दिसतं. त्याचा जन्म 1940 चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा तो 53 वर्षांचा होता. अमेरिकी हवाई दलात असताना दक्षिण कोरियात ओसानच्या तळावर तो तांग सू डो ही कोरियन युद्धकला शिकला, पुढे कराटेच्या स्पर्धा जिंकल्या. म्हणून त्याची गिरकी घेऊन मारलेली लाथ बघताना शंका येत नाही. कंबर आधी फिरते, मग गुडघा, मग पाय. ज्याने लाठी धरलीय, जमाव पांगवलाय, त्याला हे भाषेशिवाय कळतं. तुमच्या बाबांनी आयुष्यभर माणसांची अंगं वाचलीत: कोण पळणार, कोणाचा हात खिशाकडे जातोय, कोण नुसताच ओरडतोय. वॉकरही तेच करतो. आधी शांतपणे समज देतो, समोरच्याने ऐकलं नाही तरच हात उचलतो. हात उचलण्याआधीचा तो थांबा बाबांच्या ओळखीचा असणार.

शिवाय तो एकटा नाही. आईवडिलांचा खून झाल्यावर वॉकरला वाढवलं चेरोकी (अमेरिकेतली एक मूळ जमात) काका रे यांनी. जोडीदार ट्रिव्हेट, सरकारी वकील अ‍ॅलेक्स आणि निवृत्त रेंजर सी. डी. पार्कर, ज्याच्या बारमध्ये हे सगळे जमतात. ट्रिव्हेट झालेले क्लॅरेन्स गिलयार्ड नंतर लास वेगासच्या विद्यापीठात नाट्य-चित्रपट शिकवायचे. 2022 मध्ये ते गेल्याची बातमी वाचली, त्या रात्री मी एक जुना भाग लावून बसलो होतो.

उंबरठा:
दूरदर्शनवरचं 'एक शून्य शून्य' आठवतंय का कोणाला? शिवाजी साटम होते त्यात. तिथले पोलीस साधे, आपल्या आळीतले वाटायचे. सई, तुमच्या बाबांनी ते प्रत्यक्ष जगलंय, म्हणून दुपारी त्यांना दुसरं काही हवं असेल.

माणदेशी:
मालिकेची गोडी मान्य आहे, पण एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. 28 जानेवारी 1918 ला टेक्सासच्या सीमेवर पोर्वेनिर गावात रेंजर्सच्या तुकडीने मेक्सिकन वंशाचे 15 पुरुष आणि मुलगे घरातून काढून गोळ्या घालून मारले. न्यायालयात कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी आमदार होसे कनालेस यांनी चौकशी लावायला भाग पाडलं. आमच्या शेजारच्या आजी सीमेकडच्या आहेत. रेंजर शब्द निघाला की त्या उठून आत जातात. सईचे बाबा बघतात ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ही चांदणी बघून सगळ्यांच्या मनात एकच भावना येत नाही.

ट्रिनिटीकाठ:
बरं झालं लिहिलंत. मी इथे आलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिल्ला परंपरेने मेक्सिकोच्या पाच पेसोच्या चांदीच्या नाण्यातून कापतात. तुमचं वाचल्यावर ते नाणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये.

सई_प्लेनो:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना धागा वाचून दाखवला. पोर्वेनिरचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वर्दीने असं केलं की पुढे कित्येक वर्षं लोक पोलिसाला बघून दार लावून घेतात. आम्ही अशा दारांपुढे उभे राहिलोय."

मग मी पुन्हा विचारलं, तरी वॉकर का? म्हणाले, "मारामारीसाठी नाही. त्याची केस तासाभरात मिटते. मग ती सगळी त्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसतात, हसतात. आमची एक केस संपली असं मला कधी वाटलंच नाही. 2003 मधली एक पोर सापडली नाही, ती अजून आठवते." मी त्या घरात लहानाची मोठी झाले आणि हे मला काल पहिल्यांदा कळलं.

शनिवारी त्यांना फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्सला, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजाराला नेतेय. सकाळी साडेअकराला लांब शिंगांच्या गुरांचा कळप रस्त्यावरून हाकत नेतात, तो बघायचाय त्यांना. ट्रिनिटीकाठ, तुम्ही जवळच राहता ना? जमलं तर या. बाबांना मराठीत वॉकरवर बोलायला कोणीतरी हवंय.