रक्ताचा आजार आणि थकवा : तुम्ही दिवस कसा रेटता? (अनुभव धागा)

खवणी :
परवा वेंगुर्ल्याहून येताना एसटी एका वळणावर थांबली, खाली कुणग्यात लावणी चाललेली. पंधरा-सोळाची एक पोर मेरेवर बसली होती, तरव्याची जुडी हातातच, आणि चिखलातून तिची आजी, "परत बसलंस काय गो?" गाडी सुटली पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण तेच मी शाळेत असल्यापासून ऐकलंय, फक्त आवाज माझ्या आजीचा. आता त्या पोरीला काही आजार असेलच असं नाही, पोरं कंटाळतात पण. मला मात्र सगळं आठवलं म्हणून धागा काढतेय.

मला थॅलेसेमिया इंटरमीडिया आहे, आईवडिलांकडून येणारा आजार, हिमोग्लोबिन नीट बनत नाही. म्हणजे मेजरवाल्यांसारखं नेमाने रक्त लागत नाही आणि मायनरसारखी सुटकाही नाही, मधल्यामधे लोंबकळत. हिमोग्लोबिन सात-आठच्या आसपास. बाळंतपणात चढवावं लागलं, मोठा ताप आला की लागतं. लहानपणी डोळे पिवळट दिसायचे म्हणून कावीळ समजून गावठी औषध, फिकट दिसते म्हणून लोहाच्या गोळ्या, पोट पुढे आलं तर जंताच्या गोळ्या (पाणथरी म्हणजे प्लीहा वाढली होती, जंत कसले). शेवटी मुंबईला मामाकडे गेले तेव्हा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार बघायची रक्ततपासणी) झाली आणि मग कळलं की लोह कमी नाहीच आहे, उलट साठतंय.

थकव्याचं म्हणाल तर झोप आल्यासारखं नसतं ते. आमचं घर रस्त्याच्या खाली, घाटी उतरून जावं लागतं. चढताना थोड्या पायऱ्या झाल्या की कानात स्वतःचीच धडधड ऐकू यायला लागते, मग बरोबरचं माणूस काय बोलतंय ते कळत नाही, मी नुसती मान हलवते. अशा मान हलवण्यात मी हळदीकुंकवाच्या किती जेवणांना हो म्हटलंय देव जाणे. हल्ली वाटण एकदम करून डब्या फ्रीजरला टाकते, मासे ओट्यावर उभं राहून नाही, मागीलदारी पाटावर बसून साफ करते, आणि सकाळी नऊच्या आत जेवढं उरकेल तेवढंच माझं. दुपारी कोणी आलं तर चहा स्वतः करून घ्यायचा.

तुम्ही काय करता ते लिहा. औषधाचे सल्ले नकोत, ते डॉक्टरकडे. खजूरही नको.

तांबडीमाती :
"खजूरही नको" 😂😂 कळलं कळलं

रापण :
माका सीएमएल आसा, रक्ताचो कॅन्सर. रोजची एक इमॅटिनिब, जेवणावर, वर मोठो ग्लास भरून पाणी. गोळी आसा म्हणून मी आसंय, तेची तक्रार नाय. पण सकाळी उठलंय की डोळे ह्ये सुजलेले. बंदरार गेलंय की जो तो इचारता, काल खंय बसललंस? पयल्यांदा सांगत होतंय गोळीमुळे गोळीमुळे, आता सांगतंय होय बसललंय.

थकव्याचा मालवणीत लिहूक गेलंय तर कोणाक कळाचा नाय म्हणून मराठीत. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, त्यामुळे झोप तुटते आणि दुसरा दिवस गेला. होडीवर आता मी जाळं ओढत नाही, इंजिनाकडे बसतो आणि हिशेब बघतो. भाऊ म्हणाला तू शेठ झालास. पहिले काही महिने ते टोचायचं, आता शेठ तर शेठ. लिलावाला उभं राहायचं काम मात्र मीच करतो, तिथे तोंड चालवायचं असतं, अंग नाही.

दापोलीची_सून :
@खवणी वाटण फ्रीजरमध्ये किती दिवस टिकतं? माझं खोबऱ्याचं वास मारतं

खवणी :
अगं खोबरं नीट भाजून घे, आणि पाणी न घालता वाट. ओल्या खोबऱ्याचं वेगळं, ते दोन दिवसांच्यावर नको. लाइट गेली की मात्र सगळंच गेलं, आमच्याकडे पावसात फ्रीज हे नुसतं कपाट.

परळचा_चाकरमानी :
आमच्याकडे उलटा प्रकार. वडिलांना पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे रक्त जास्त बनतं. ते गावी, राजापूरकडे. गावात हे समजावणं म्हणजे शिक्षा आहे. रक्त जास्त आहे म्हटल्यावर लोक म्हणतात मग बरंय की, थोडं आम्हाला द्या. रक्त घट्ट होऊन गाठ होण्याची भीती असते म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं, त्यासाठी मधून मधून बाटलीभर रक्त काढतात, आणि रोजची छोटी ॲस्पिरिन. रक्त काढून काढून शरीरातलं लोह कमी होतं, मग थकवा. पण लोह दिलं की रक्त परत वाढणार, म्हणून डॉक्टर म्हणतात लोहाची गोळी आपल्या मनाने अजिबात नाही. हे शेजारच्या काकूंना कोण सांगणार, त्या दर शनिवारी अळिवाचे लाडू घेऊन हजर. बाबा घेतात, ठेवतात, आणि मी गेलो की मला भरवतात. माझं हिमोग्लोबिन फर्स्ट क्लास आहे सध्या.

दुसरं म्हणजे आंघोळ. आयुष्यभर माणूस बंबातलं कढत पाणी घेणारा, आता गरम पाणी अंगावर घेतलं की जी खाज सुटते, टॉवेल लावू देत नाहीत अंगाला. या आजारात असतं म्हणे असं. कोमट पाण्यावर आलेत, पण त्या दिवशीचा मूड गेलेला असतो. आणि खरं सांगू, थकव्यापेक्षा त्यांना हेच जास्त लागलंय.

तांबडीमाती :
अळिवाचे लाडू इकडे पाठवा, पत्ता देते

दापोलीची_सून :
माझा मुलगा नववीत आहे, थॅलेसेमिया मेजर. लिहायला वेळ नाही खरं तर, कुकर लावलाय, पण लिहिते. दर तीन आठवड्यांनी रक्त. चढवायच्या आधी हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास राहायला हवं असं आमच्या मॅडम बघतात, त्याच्या खाली गेलं की मुलाची वाढ आणि हाडं दोन्हीवर परिणाम. रक्त चढवून आला की पहिला आठवडा घरात टिकत नाही. दुसरा बरा. तिसऱ्या आठवड्यात आपोआप कळतं, दप्तर जिन्यात ठेवतो आणि हाक मारतो आई घेऊन ये. वाडीतली पोरं क्रिकेट खेळतात ना त्यांनी आपली आपण सोय केलीये, तिसऱ्या आठवड्यात हा अंपायर. कोणी शिकवलं नाही त्यांना. आणि अंपायर म्हणून इतका खडूस आहे की पोरं त्याच्या रक्ताच्या तारखेची माझ्यापेक्षा जास्त वाट बघतात.

रक्तातून लोह साठतं ते काढायची गोळी रोज, डेफेरासिरॉक्स, आमची पाण्यात विरघळवायची आहे, खडूसारखी चव. रिकाम्या पोटी घ्यायची म्हणजे शाळेच्या आधी, म्हणजे मी साडेपाचला उठते. माझ्या थकव्याचा धागा वेगळा काढा कोणीतरी.

मे महिना सगळ्यात वाईट. कॉलेजं बंद, कॅम्प नाहीत, डोनर आंब्यात. पिशवीसाठी फोन फोन फोन. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमची तारीख त्याच आठवड्यात होती. रस्ते बंद, लाइट नाही, फोन नाही. घरात पाणी नव्हतं आमच्या पण पोरगं पांढरं पडत चाललेलं आणि नुसतं झोपून. शेवटी मिस्टरांचा मित्र बोलेरो घेऊन आला आणि वरच्या रस्त्याने फिरून फिरून नेलंन. त्या मित्राचं लग्न जमत नव्हतं, नंतर वर्षभरात जमलं, मी सगळ्यांना सांगते आमच्यामुळे. कुकर झाला जाते.

रापण :
अंपायर 👏👏 तेका मालवणाक धाडा, आमच्या टुर्नामेंटाक असोच व्हयो

मुक्कामपोस्ट_मास्तर :
मी मूळ नंदुरबारकडचा, इथे रायगडात झेडपी शाळेत आहे. सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात), एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला. आमच्याकडे प्रत्येक पाड्यात हा शब्द माहीत, इथे स्टाफरूममध्ये समजावता समजावता तास संपतो. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, आमची दहा-वीस दिवसांत मोडते, मग शरीर सतत नवीन बनवत बसतं, एवढं सांगून मी थांबतो. बाकी हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू आहे, दुखणं उठायचं प्रमाण पुष्कळ कमी झालंय.

इथला पाऊस मला बाधतो. भिजलो आणि गार वारा लागला की एक-दोन दिवसांत पाय आणि कंबर धरतात. म्हणून रेनकोट, वर छत्री, पिशवीत कोरडे मोजे. मुलं हसतात. पाण्याची बाटली कायम हातात, पाणी कमी पडलं की संपलं. घाम इतका येतो इकडे की उन्हाळ्यात दुप्पट प्यावं लागतं. वर्गात खुर्चीवर बसून शिकवतो म्हणून एका साहेबाने शेरा मारला होता, नंतर मी अपंगत्व प्रमाणपत्राची प्रत टेबलावर ठेवली. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया (यात रक्त नीट गोठत नाही) तिन्ही आहेत, ज्यांनी काढलं नसेल त्यांनी काढा. एसटीत पण सिकलसेल आणि हिमोफिलियाला साध्या गाडीत सवलत आहे, आगारात विचारा.

फुगडीबंद :
मी सावंतवाडी, वय २१, आयटीपी. प्लेटलेट कमी. सगळ्यांना वाटतं प्लेटलेट म्हणजे डेंग्यू, त्यामुळे आजवर मला जगातल्या सगळ्या पपयांच्या पानांचा रस सुचवून झालाय. एक काका तर झाडच घेऊन आले. अहो माझं शरीरच माझ्या प्लेटलेट खातंय, पपई काय करणार

थकवा येतो असं डॉक्टरला सांगितलं तर आधी म्हणाले प्लेटलेटमुळे थकवा येत नाही. दुसऱ्या मॅडमनी सांगितलं की आयटीपीत खूप जणांना येतो, आकडा बरा असला तरी. ते ऐकून मी रिक्षात रडले, आनंदाने. स्टिरॉइड चालू होतं तेव्हा रात्री तीनला कपाट आवरायचे आणि दुपारी लेक्चरला डोकं बाकावर. गौरीत फुगड्या बंद कारण नुसतं कोणी दंड धरला तरी निळं पडतं. आता मी गाणी म्हणते आणि घामाघूम झालेल्यांना वारा घालते. बोर होतं खूप.

खवणी :
@फुगडीबंद अगं ये आमच्याकडे, मला पण फुगडी जमत नाही, दोघी बसून सगळ्यांना नावं ठेवू

कोकमसरबत :
मला थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे नुसती कॅरियर (वाहक). पण मला पण थकवा येतो, तो धरायचा का नाही?

दापोलीची_सून :
मायनरला सहसा काही त्रास नसतो गं, मी पण मायनरच आहे आणि मिस्टर पण, म्हणून तर. बी१२, डी, थायरॉइड बघून घे. आणि लोहाच्या गोळ्या फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह) बघितल्याशिवाय घेऊ नको, मायनरच्या पेशी लहान दिसतात म्हणून लोह कमी असेल असं धरून देतात. लग्न झालंय का तुझं? नसेल तर होणाऱ्या नवऱ्याला एचबीए२ ही हिमोग्लोबिनची टेस्ट करायला लाव, साडेतीन टक्क्यांच्या वर आली तर तो पण कॅरियर. दोघं कॅरियर असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. पत्रिका बघतील, मंगळ बघतील, हे मात्र नाही.

कोकमसरबत :
बी१२ १४० आलंय ताई, म्हणजे कमीच, शाकाहारी आहे

रापण :
कोकणात राहून शाकाहारी? रोग तोच गे तुझो

कोकमसरबत :
😡

परळचा_चाकरमानी :
अवांतर: कालवं, तिसऱ्या चालतात का लोह जास्त असलेल्यांना?

खवणी :
तिसऱ्यांत लोह भरपूर, म्हणून मी एखाद वेळीच, आणि जेवणावर कोरा चहा पिते, त्याने लोह कमी शोषलं जातं. कालवं मात्र कच्ची किंवा अर्धी भाजलेली अजिबात नाही. खडकावरून फोडून तिथल्या तिथे खायची सवय असते ना आपल्याकडे, लोह साठलेल्या माणसाला समुद्राच्या पाण्यातल्या जंतूंचा संसर्ग फार वाईट होऊ शकतो. चांगली शिजवलेली खा. आणि ज्यांची पाणथरी काढलीये त्यांनी ताप आला की घरी काढा करत बसू नका, सरळ दवाखाना. लावणीच्या दिवसांत तर नाहीच, लेप्टोही (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा ताप) असतो.

तांबडीमाती :
मला काही नाही, माझ्या नवऱ्याला हिमोफिलिया, तो म्हणतो लिही की गुडघ्यात रक्त उतरलं की त्या दुखण्याने माणूस जेवढा दमतो तेवढा शेतातपण दमत नाही. आणि तो हेही म्हणतो की त्याचा थकवा माझ्या बडबडीने येतो. आज रात्री भात त्यानेच लावावा.

फुगडीबंद :
😂😂 कोणी गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातं का? सावंतवाडीहून सकाळी कुठली गाडी बरी, बसायला मिळायला हवं, उभं राहून जमत नाही

दापोलीची_सून :
गोव्याचं माहीत नाही, पण रेल्वेचं सांगते, थॅलेसेमियाला उपचारासाठी जाताना स्लीपरला ७५ टक्के सवलत आहे, बरोबरच्या एका माणसालापण. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं.

फुगडीबंद :
आयटीपीला आहे का?

मुक्कामपोस्ट_मास्तर :
त्या यादीत मी आयटीपी वाचलेलं नाही. हिमोफिलिया, सिकलसेल, अप्लास्टिक ॲनिमिया आहेत. खिडकीवर एकदा विचारून बघा.

रापण :
गणपतीत खिडकीर उभ्या रवान तिकीट गावला तर ता आजारी नायच असा समजतले

परळचा_चाकरमानी :
वेटिंग लिस्ट २४० आहे आत्ताच, बघितलं मी. बोलेरोवाल्याचा नंबर द्या कोणीतरी