वैनगंगेकाठचं घर: जॅक लावून उचलावं की वर खोली काढावी? बजेट २ लाख

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यात नदीपासून अर्ध्या किलोमीटरवर आमचं घर आहे. विटामातीच्या भिंती, वर कवेलू, चार खोल्या, समोर छपरी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पूर आला तेव्हा घरात साडेतीन फूट पाणी होतं आणि ते दोन दिवस हललं नाही. भिंतीवरची रेघ मी अजून पुसलेली नाही. घरात आम्ही नवराबायको, दोन पोरं, आई (वय ७४), शिवाय दोन म्हशी आणि एक गाय.

यंदा धान विकून, सोसायटीचं देणं फेडून २ लाख हाती राहिलेत. डोक्यात तीन गोष्टी आहेत: जॅक लावून घर उचलणं, वर स्लॅबची एक खोली काढणं, किंवा दारांना लोखंडी फळ्या बसवून पाणी बाहेरच अडवणं. २ लाखांवर एक रुपयाही नाही. रोहिण्या लागायच्या आत काम उरकायचं आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

चौरासवाला_पवनी
जॅक लावा, डोळे मिटून. मी २०२२ ला चार फूट उचलून घेतलं. देव्हाऱ्यातली समई हलली नाही. आता रस्त्यानं जाणारा माणूस थांबून पाहते. साडेसहा लाख लागले.

वैनगंगाकाठ
दादा, माझ्याकडे २ आहेत.

चौरासवाला_पवनी
वाचलं जी. पण हे काम जन्मात एकदाच होते. थोडं सोनं मोडा, पण जॅकच लावा.

मिस्त्री_आरमोरी
तीस वर्षं भिंती बांधतो आहे, म्हणून लिहितो. जॅक लावताना घराचा भार खालच्या बीमवर घेतात. विटामातीच्या भिंतीखाली बीम नसतेच. आधी बीम टाकावं लागेल, तेवढ्यातच तुमचे पैसे संपतात. पवनीवाल्या भाऊंचं घर सिमेंटचं असेल, म्हणून जमलं. वरच्या खोलीचंही तेच. मातीची भिंत स्लॅब पेलत नाही, खालून कॉलम घ्यावे लागतात.

फळ्यांबद्दल नीट वाचा. एक मीटर उंच पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण ५०० किलोनं रेटते. म्हणजे दहा मीटरच्या भिंतीवर बाहेरून पाच टन. आत पाणी नसेल तर उलटा जोर द्यायला काहीच नाही, ओली भिंत आत बसते. गुडघ्यापर्यंत पाणी अडवा, त्यावर गेलं की दार उघडून आत येऊ द्या. घर घाण होईल, पण उभं राहील.

कमलताई_देसाईगंज
मिस्त्रीभाऊ खरं बोलले. आम्ही फळ्या लावल्या होत्या, रबरासकट. दाराशी थेंब आला नाही, संडासाच्या भांड्यातून आलं! सेप्टिक टाकी भरली आणि सगळं उलटं घरात. आठ दिवस धूत होते मी. संडासाच्या पाइपाला नॉन-रिटर्न वॉल्व्ह लावा, फार खर्चाचं काम नाही. बोर्ड, मीटर, फ्रिजचा प्लग सगळं रेघेच्या दोन फूट वर घ्या. आणि धानाची कोठी खाली ठेवूच नका.

रस्त्याखालचा
आमच्या गावात तर पूर नसतानाही घरात पाणी येते. जुना रस्ता न खोदता त्यावरच सिमेंट, पाच वर्षांनी पुन्हा त्यावर सिमेंट. लहानपणी मी घरातून रस्त्यावर पायरी उतरायचो, आता रस्त्यावरून घरात उतरतो. ठेकेदाराला विचारलं तर म्हणे नालीतून जाईल. नाली रस्त्यापेक्षा उंच आहे. आधी हे थांबवा, मग घर उचला.

धानपट्टा
सगळं मूळ धरणात आहे. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले की खालच्यानं काय करायचं?

लाखांदूरचे_गुरुजी
एकट्या गोसीखुर्दवर ढकलून चालणार नाही. २०२० ला वर मध्य प्रदेशात पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, ते खाली आलं. धरण नव्हतं तेव्हाही १९९४ ला वैनगंगा गावात शिरली होती.

धानपट्टा
१९९४ चं पाणी हळू चढलं होतं गुरुजी. आमचे बाबा सामान काढू शकले होते. २०२० ला झोपेतून उठेपर्यंत खाट तरंगत होती.

लाखांदूरचे_गुरुजी
ते मान्य आहे. धागाकर्त्याला एक विचारतो. पाणी नदीच्या बाजूनं आलं की नाल्याच्या? बहुतेक गावांत नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जात नाही, मागं तुंबते आणि पाठीमागून घरात येते. चंद्रपूरला इरईचं तसंच होते, वर्धा भरली की इरई मागं सरते. तोंड नदीकडे करून भिंत बांधली तर पैसे पाण्यात.

दुसरं, पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्याची. निळीच्या आत असाल तर बांधकामावर पैसा घालू नका. आणि केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच अ‍ॅप फोनमध्ये ठेवा.

मोवाडचा
आमच्या मोवाडला ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं २०० च्या वर माणसं नेली. मी तेव्हा सातवीत होतो. घर उचला की खोली काढा, मला त्यातलं कळत नाही. उंचावर जागा मिळत असेल तर जा. एवढंच सांगतो.

चौरासवाला_पवनी
जागा आज कुठं मिळते? जॅकच बरा.

रॉटरडॅमहून_साकोलीकर
मूळ साकोलीचा, सध्या कामानिमित्त रॉटरडॅमला. हे शहर बरंचसं समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, त्यानंतर यांनी समुद्राकडे मोठमोठे बांध घातले. पण नद्यांच्या बाबतीत आता उलटं करतात. नायमेखेन शहरासमोर नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला, पाण्याला जागा दिली.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. बांध नव्हते त्या काळी इथले लोक मातीचे उंच ढीग रचून त्यावर घर आणि गोठा बांधत, त्याला टेर्प म्हणतात. आजही ओव्हरडीप नावाच्या भागात पूर आला की पाणी मुद्दाम आत घेतात. तिथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनीच सुचवलं की आमची घरं-गोठे ढिगावर बसवा. तसे आठ ढीग बांधले. शेत बुडते, गाई कोरड्या राहतात.

धानपट्टा
तिकडचं सरकार ऐकते. इथं निवेदन देऊन देऊन बोटं झिजली.

वैनगंगाकाठ
सगळं दोनदा वाचलं. गुरुजी, पाणी नाल्याकडूनच आलं होतं, आज जाऊन आईला विचारून खात्री केली.

साकोलीकर भाऊंनी गाईचं लिहिलं तिथं मी थांबलो. २०२० ला डोंगा दारात आला होता. आई चढली नाही. गोठ्यात गाय बांधलेली होती, तिला सोडून येत नाही म्हणाली. मी छातीभर पाण्यात जाऊन दावी कापली. गाय आणि म्हशी पोहून निघाल्या, कालवड निघाली नाही. डोंगा तोवर दुसऱ्या घराकडे गेला. आम्ही रात्र छपरावर काढली, पोरं कवेलूंना धरून.

म्हणून ठरवलं, घराला हात लावत नाही. वाडीत मागं दोन फुटांचा उंचवटा आहे, त्यावर मुरमाचा ओटा बांधून जनावरांसाठी टिनाचं छप्पर टाकतो. जनावरं आधी वर गेली तर आई पहिल्या डोंग्यात बसेल. उरलेल्या पैशात कमलताईंचा वॉल्व्ह, वर घेतलेले बोर्ड आणि धानासाठी लोखंडी मचाण. मिस्त्रीभाऊ, ओटा केवढा करू? अंगणात त्या दिवशी पाच फूट पाणी होतं.

मिस्त्री_आरमोरी
उंचवट्यावर तीन फूट आलं असेल. चार फूट भर घाला. वरून १५ बाय १२ फूट, तीन जनावरं आणि तणस मावते. बाजूंना उतार देऊन दगडाची पिचिंग करा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी माती सुटते. सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. वर चढायची उतरण २० फूट लांब ठेवा, म्हैस पायऱ्या चढत नाही. सगळं धरून १७-१८ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम.

लाखांदूरचे_गुरुजी
एक फूट जास्तीचं कमी आहे, दोन ठेवा. आणि घटसर्प, फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.

चौरासवाला_पवनी
आधी घराचं बघा भाऊ. जॅकवाल्याचा नंबर पाठवू का?

कमलताई_देसाईगंज
उतरण घराच्या बाजूनं ठेवा, नाल्याकडून नको. आणि आतापासून रोज संध्याकाळी जनावरं त्यावरच बांधा. सवय नसेल तर त्या रात्री ती चढणार नाहीत.

वैनगंगाकाठ
हे सुचलंच नव्हतं ताई. उतरण घराकडून घेतो, भर पाच फूट करतो. मुरूम सोमवारी सांगून टाकतो.